काळ्या चिंधीतले खडे

लंकाबाईच्या अंगणात रविवारी दिवस उगवायच्या आत रांग लागायची. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं डांबर संपून नुसती मुरमाड वाट उरते, तिथं तिची सात घरांची वाडी; तरीही पेठेपासून, नारायणगावापासून, पार आळेफाट्यापासून माणसं यायची. कुणी कमरेवर हात दाबून, कुणी अर्धं वाकून, आणि सगळी उपाशीपोटी. मुतखड्याची कळ एकदा अनुभवली की माणसाला कुठलाच रस्ता लांब वाटत नाही, असं लंकाबाई म्हणायची, आणि म्हणताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

मान ताठ व्हावी असं होतंच. दवा तिच्या सासूकडून, चिमाबाईकडून आलेला. पानफुटीची सात पानं आणि रानातली एक मुळी पाट्यावर वाटायची, ताकातून द्यायची, असे तीन रविवार. मधल्या दिवसांत हुलग्याचं कढण आणि पोट फुगेस्तोवर पाणी. दवा विकायचा नाही, हा चिमाबाईचा पहिला नियम. खडा पडला की तो खडा आणि एक नारळ घेऊन यायचं, हा दुसरा. नारळ विसरला तरी चालून जाई. खडा विसरणाऱ्याला मात्र लंकाबाई ओसरीवर टेकू देत नसे. खड्याचा कण जरी घरात राहिला तर तो पुन्हा धरतो, असं चिमाबाईनं बजावून ठेवलं होतं. म्हणून सगळे खडे लंकाबाईच्या मोठ्या काचेच्या बरणीत जमा व्हायचे. आणि इतकं करूनही एखाद्याला पुन्हा खडा झालाच, तर त्यानं आपल्या घरच्या कपड्याची काळी चिंधी आणायची, पुढचा खडा तिच्यात गाठ मारून बरणीत टाकायचा, म्हणजे तो परत फिरत नाही.

यातली गोम बाहेरच्या माणसाला लगेच दिसेल. वाडीला ती तीस वर्षं दिसली नाही. खडा परत झाला म्हणजे दवा चुकला, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. खडा परत पडला म्हणजे दवा परत लागू पडला, असाच हिशेब. पेठेची कुशाबाई पाच वेळा येऊन गेली होती, आणि लंकाबाईचा मुलगा रामदास नव्या माणसाला कौतुकानं सांगायचा, की ह्या मावशीचे आमच्या आईनं पाच खडे पाडले. कुशाबाईही पदर सावरून मान डोलवायची, जशी काही पाच पोरं मार्गाला लागली होती. पुन्हा पुन्हा का होतो असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं: घरात कण ठेवला असेल.

रामदासची बायको हर्षाली. माहेर आळेफाट्याचं, बाप गॅरेजवाला, शिक्षण बारावी, आणि सासूला ती आत्या म्हणायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्यातली दीड वर्षं तिला सारखी उन्हाळी लागत होती. लघवीला आग व्हायची, मग हुडहुडी भरून ताप यायचा, कमरेच्या उजव्या अंगाला ठणका लागायचा, आणि आठ-दहा दिवसांनी पांढरी कचकच पडायची. लंकाबाई पानं वाटून द्यायची. बरं वाटायचं. दोन-चार महिन्यांत पुन्हा तेच.

पहिल्यांदा परत झाला तेव्हा लंकाबाईनं सुनेला तोंडावर विचारलं, कण कुठं ठेवलायस. हर्षाली नाही म्हणाली. तरी तिची पेटी उपसून साड्या झटकल्या, गादीच्या शिवणी चाचपल्या, चपलासुद्धा उलट्या करून आपटल्या. काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा परत झाला तेव्हा भगवंतानं डोकं चालवलं. भगवंत म्हणजे नारायणगावाहून रविवारी जीप भरभरून माणसं आणणारा, वाडीचा भाचा आणि स्वतःच्या मते वाडीचा सल्लागार. तो म्हणाला, बरणीच घरात आहे तर सुनेचा खडा जाईल कसा, शेकड्यानं लोकांचे खडे उशाशी घेऊन निजताय तुम्ही. हे सगळ्यांना एकदम पटलं. उंबराखाली पत्र्याची टपरी ठोकली गेली आणि बरणीची तिथं स्थापना झाली. हर्षाली त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, की आत्या, मला एकदा डॉक्टरला दाखवा.

लंकाबाईनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. ज्या घरी पाच गावचे मुतखडे पडतात त्याच घरची सून मुतखड्यासाठी दवाखान्यात गेली, तर रविवारी अंगणात कोंबड्यांशिवाय कोण फिरकणार? हे कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं. बरणी टपरीत जाऊन बसली आणि तिसऱ्यांदाही खडा परत झाला.

दसरा तोंडावर आला तसा रामदासनं नारायणगावात एक फ्लेक्स छापून घेतला. आईचा मोठा फोटो, शेजारी स्वतःचा लहान, खाली भगवंताचा त्याहून लहान, आणि वर तांबड्या अक्षरांत ‘१००० खडे’. पण पोरगा अगदीच खोटा नव्हता. बोर्ड टांगण्याआधी त्याला खात्री हवी होती. शनिवारी दुपारी त्यानं बरणी आणून आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, एकदाचं मोजून टाक.

लंकाबाईनं बरणी सुपात ओतली. मोजायला बसली खरी, पण उभा जन्म जिरेसाळ तांदूळ निवडण्यात गेलेल्या बाईच्या हातात सूप आलं की हात मोजत बसत नाहीत, निवडायलाच लागतात. तिनं सूप हलकं घोळलं. तपकिरी, काळपट, सराट्यासारखे काटेरी खडे जड म्हणून एका अंगाला झाले. पांढरे, खडूसारखे ठिसूळ तुकडे आणि त्यांचा भुगा दुसऱ्या अंगाला आला. मधे राहिल्या काळ्या चिंध्या. रामदास म्हणाला, चिंधीला एक धर आणि पुढं चल. लंकाबाई म्हणाली, गाठ सोडून बघते.

पहिली गाठ सोडली. पांढरं. दुसरी सोडली. पांढरं. तिसऱ्या चिंधीतून नुसतं पीठ सुपात पडलं, आणि गोठ्यात तुंबलेल्या जुन्या मुताचा तो उग्र वास तिच्या नाकात भरला. मग ती थांबलीच नाही. सत्तावन्न चिंध्या निघाल्या. त्यातल्या एक्कावन्न चिंध्यांत पांढरं होतं, सहांत तपकिरी. सुटे खडे मात्र बहुतेक सगळे तपकिरी. म्हणजे ज्यांचा खडा तपकिरी होता ती माणसं एकदा आली आणि गेली. ज्यांचा पांढरा होता ती परत परत येत राहिली.

तिनं चिंध्या ओळखायला सुरुवात केली. काठापदराची ही पारगावच्या बाईची. ही पोलक्याची, ही कुणाच्या तरी परकराच्या नाडीची. छत्रीच्या कापडाच्या चार चिंध्या होत्या, त्या कुशाबाईच्या. एकेक चिंधी हातात घेतली की तिचं माणूस डोळ्यापुढं उभं राहायचं, आणि प्रत्येक माणूस थडथड कापत उभं राहायचं. जवळजवळ सगळ्या बायका. सगळ्यांना उन्हाळी, सगळ्यांना थंडीताप. तीस वर्षं ती मानत आली होती, की खडा आहे म्हणून ताप येतो. मग तपकिरी खडेवाले गुरासारखे ओरडायचे, लोळायचे, पण त्यांना ताप का नव्हता?

शेवटच्या तीन चिंध्या काळ्या ओढणीच्या होत्या, कडेला लेस लावलेल्या. हर्षालीच्या. त्यांच्या गाठी सोडताना लंकाबाईला त्या उलट्या करून आपटलेल्या चपला आठवल्या आणि तिला लाज वाटली. अशी लाज वाटली, की समोर बसलेल्या पोराकडंही तिला बघवेना. रामदासनं विचारलं, किती भरले. ती म्हणाली, हजार नाहीत, आणि चिंध्या पुन्हा एकेक करून बांधायला लागली.

त्याच संध्याकाळी, रविवारची पानं वाटता वाटता, हर्षालीच्या हातून वरवंटा सुटला. दातावर दात आपटत होते, अंग चटका बसेल इतकं तापलेलं. रामदासनं घाईनं वाटलेल्या पानांचा गोळा ताकात कालवला. लंकाबाईनं ती वाटी त्याच्या हातातून घेतली आणि गाईच्या आंबोणाच्या घमेल्यात ओतली. सकाळी भगवंताची पहिली जीप येईपर्यंत ती सुनेच्या उशाशी बसून राहिली.

रविवारी अंगण भरलेलं होतं. भगवंतानं घरात येऊन हर्षालीकडं पाहिलं, बाहेरच्या रांगेकडं पाहिलं, आणि त्याचा सल्ला लगेच तयार झाला.

"मावशी, परसदारानं न्हेऊ तिला. कुनी इचारलं तर माहेरी चाललीय म्हनायचं. लोकांच्या म्होरं तमाशा नको."

"आली म्होरच्या दारानं, जाईल बी म्होरच्या दारानं," लंकाबाई म्हणाली. "तू जीप वळव."

रामदास उंबऱ्यात आडवा उभा होता. तो भांडायच्या बेतात नव्हता, घाबरला होता. आई, तीस वर्षांचं नाव आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लंकाबाईनं सुनेचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातात चिंध्यांचं गाठोडं घेतलं आणि त्याला म्हणाली, "नाव माजं हाय. बुडवायचं का ठिवायचं त्ये मी बघंन. तू सर."

तो सरला. सासूसुना रांगेच्या अगदी मधून चालत गेल्या. लंकाबाई आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगत गेली, की सुनेला मुतखडा आहे, दवाखान्यात नेतेय, आज दवा नाही. रांगेत कुशाबाई होती. तोंड सुकलेलं, अंगावर घोंगडी. लंकाबाईनं तिला विचारलं, ताप आहे का. आहे म्हणाली. मग तूपण चल, म्हटल्यावर कुशाबाई फणकारली.

"मी कशाला येऊ? तुज्या सुनंनं घरात कन ठिवला असंल. मी तर सगळं आनून देती तुला."

हे वाक्य लंकाबाईनंच कुशाबाईला शिकवलेलं होतं. सुनेला घेऊन ती जीपमध्ये बसली.

नारायणगावच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, आणि तिथल्या तरुण डॉक्टरचा चेहरा कडक झाला. उजव्या किडनीत एकटादुकटा खडा नव्हताच. आल्याच्या गड्ड्यासारखा फाटे फुटलेला एकच मोठा खडा आतली सगळी पोकळी व्यापून बसला होता, आणि त्याच्या मागं पू साचला होता. अजून थोडे दिवस गेले असते तर किडनी गेली असती, कदाचित पोरगीही. आत्तासुद्धा किडनी वाचेलच असं तो सांगत नव्हता. दीड वर्ष काय केलं, असं त्यानं विचारलं, आणि हर्षाली काही बोलायच्या आत लंकाबाईनं सांगून टाकलं, की मीच पाला देत होते. मग डॉक्टरनं तिला धारेवर धरलं. तुमच्यासारख्यांमुळंच लोक मरणाच्या दारात पोचतात, लहान खडे नुसत्या पाण्यानंही पडतात आणि श्रेय तुम्ही घेता, असं बरंच काही. खोटं त्यात काही नव्हतं. लंकाबाईनं खाली मान घालून ऐकलं, पण अर्ध्यावर तिनं मान वर केली.

"डाक्तर, माज्यामुळं काय झालं त्ये मी मागनं बसून ऐकून घ्येते. पाहिजे तर तुमच्या दारात उभी ऱ्हाऊन ऐकीन. आधी ह्यात काय हाय त्ये सांगा मला."

आणि तिनं गाठोडं त्याच्या टेबलावर सोडलं. पन्नासेक काळ्या चिंध्या आणि त्यातलं पांढरं पीठ. डॉक्टर पहिल्यांदा मागं सरला, मग पुढं वाकला. हे सगळे परत येणारे आहेत, आणि ह्या सगळ्यांना आधी थंडीताप होता, असं लंकाबाईनं सांगितल्यावर तो तिच्याकडं बघतच राहिला. त्यानं दारातली माणसं थांबवली आणि तिला खुर्ची दिली.

मग त्यानं जे समजावलं ते लंकाबाईनं तांदळासारखं निवडून घेतलं. काही जातीचे जंतू लघवीच्या वाटेनं वर चढतात. लघवीतला युरिया फोडून ते अमोनिया तयार करतात. तो उग्र वास त्याचाच. त्यानं लघवीचा आंबटपणा जातो, आणि एरवी विरघळून वाहून जाणारे क्षार खाली बसायला लागतात. त्या क्षारांचा खडा होतो आणि जंतू त्याच्या आतच राहतात. औषध घेतलं की बाहेरचे मरतात, ताप उतरतो, माणसाला वाटतं बरं झालं. आतले जिवंतच असतात. म्हणून खड्याचा तुकडान् तुकडा काढावा लागतो. आत एक कण जरी राहिला तरी त्याच्यावर पुन्हा खडा धरतो.

कण राहिला तर पुन्हा धरतो. चिमाबाईचेच शब्द. ते शब्द खरे होते, आणि तरी तीस वर्षं लंकाबाई तो कण लोकांच्या पेट्यांत, गाद्यांत आणि चपलांत हुडकत होती.

"म्हंजी खड्यानं ताप येत न्हाई," ती सावकाश म्हणाली. "ताप आननाराच आत बसून खडा बांधतोय."

"बरोबर. या पांढऱ्या खड्यांचं अगदी तसंच आहे."

"आन् तपकिरी?"

डॉक्टर उत्तर द्यायला निघाला आणि अडखळला. त्यांची कारणं बहुतेक वेगळी, म्हणाला. पाणी कमी पिणं, शरीराची ठेवण, खाणंपिणं. पण अलीकडं त्यातल्या काही खड्यांतही जंतू सापडतायत. ते आधी आले की नंतर, हे अजून नक्की माहीत नाही. माहीत नाही हे त्यानं स्वच्छ सांगितलं, म्हणून बाकीच्या सगळ्यावर लंकाबाईचा विश्वास बसला.

आधी नळी घालून पू काढला. लघवी तपासायला पाठवून नेमका कुठला जंतू ते पाहिलं, त्याला लागू पडेल असं औषध शिरेतून दिलं. ताप पुरता उतरल्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आणि चार दिवसांनी राहिलेल्या तुकड्यांसाठी दुसरं. लंकाबाई सगळे दिवस दवाखान्यातच राहिली, सुनेची वेणी घालत, तिच्या पिण्याच्या पाण्याचे तांबे मोजत. एकदा वेणी घालता घालता ती म्हणाली, की तुझ्या पेटीला मी हात लावायला नको होता. हर्षालीनं तिला वेणी पुरी करू दिली. मग म्हणाली, "पेटीचं जाऊ द्या आत्या. मी डॉक्टरला दाखवा म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं." लंकाबाईनं ते ऐकून घेतलं. महिन्याअखेर डॉक्टरनं सांगितलं, की आत कण उरलेला नाही. किडनी थोडी दुबळी झालीय, पण वाचली. काढलेला खडा त्यानं प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून हर्षालीच्या हातात दिला.

रामदास मधे मधे यायचा, डबा द्यायचा, आणि खाली बघत निघून जायचा. तो तसा का वागतोय हे लंकाबाईला घरी परतल्यावर समजलं. त्या दिवशी नेमका रविवार होता. भगवंताची जीप त्यांना घेऊन वाडीच्या वळणावर आली तर समोर रांग, चांगली चाळीस-पन्नास माणसांची. बांबूंना फ्लेक्स टांगलेला. आणि पाट्यामागं रामदास, आपल्या हातानं पानं वाटत बसलेला. चार रविवार तो दवा देत होता. सुनेला अपेंडिक्स झालं होतं अशी थाप भगवंतानं नारायणगावच्या बाजारात पसरवली होती.

लंकाबाई जीपमधून उतरली ती सरळ गोठ्यात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ओलं शेण होतं. बोर्डाखाली उभं राहून तिनं त्या तांबड्या ‘१०००’ वरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आकडा पुरता दिसेनासा होईपर्यंत. स्वतःच्या फोटोच्या गालावरही थोडं लागलं, ते तिनं पुसलं नाही.

मग ती रांगेकडं वळली आणि तिनं सगळं सांगितलं. अपेंडिक्स नव्हतं, मुतखडाच होता. तिचाच पाला खाऊन दीड वर्ष वाया गेलं होतं. ज्यांना थंडीताप येतो, लघवीला वास मारतो, ज्यांचा खडा पांढरा पडतो आणि परत होतो, त्यांना इथून पुढं एक पान मिळणार नाही. त्यांनी जीपमध्ये बसायचं. बाकीच्यांनीही आधी दवाखान्यात पोटाचा फोटो काढून आणायचा, मग ती बघेल. रांगेत गलका झाला. एक धोतरवाला म्हातारा पुढं येऊन म्हणाला, की बाईनं दवाखान्याची पायरी चढली, हिच्या हातचा गुण गेला.

"गेला तर गेला," लंकाबाई म्हणाली. "गुनाची राखन करायला मी पोरीचा जीव घालवनार न्हाई."

रामदास उठून उभा राहिला होता. हाताला पाल्याचा हिरवा लगदा तसाच. भगवंत त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. तेवढ्यात हर्षाली जीपमधून हळूहळू उतरली, कमरेला हात लावत अंगण ओलांडून आली आणि नवऱ्यापुढं ती प्लॅस्टिकची बाटली ठेवली.

"हा पण मोजा अहो. हजार एकावा."

रामदासनं बाटली उचलली, उन्हात धरून पाहिली. आत आल्याचे तुकडे असावेत तसे पांढरट तुकडे होते, मूठभर. पाट्यावरचा सगळा गोळा त्यानं हातानं खरवडून उकिरड्यावर नेऊन टाकला, आणि येताना भगवंताच्या खिशातून जीपची किल्ली काढून घेतली.

माणसं पांगायला लागली. बरीचशी नाक मुरडत, काही शिव्या देत. आठ बायका आणि एक माणूस जीपच्या बाजूला जाऊन उभे राहिले. कुशाबाई मात्र आपल्या जागेवरून हलली नव्हती. घोंगडीतून तिचे डोळे नुसते जळत होते. लंकाबाई तिच्यापाशी गेली आणि छत्रीच्या कापडाच्या त्या चार चिंध्या तिच्या हातावर ठेवल्या.

"ह्या तुज्या, कुशा."

"माज्याच. पाच खडे पाडले तू माजे. आन् आता मला जीपमधी घालतीस?"

"पाच न्हाईत पाडले. एकच हाय तो. तुज्या पोटात बसलाय आन् दर साली त्याचं टवकं पडतायत. टवकं पडलं की मी नारळ घ्येतला आन् तुला घरी धाडलं. तुज्या घरात कन कंदीच नव्हता."

कुशाबाई चिंध्यांकडं बघत राहिली. पाच वर्षं ती सुनांवर डाफरत होती, घर झाडत होती, नवऱ्याची पेटीसुद्धा तिनं धुऊन काढली होती. आता ती म्हणाली, "मंग मी पाच नारळ दिले, त्याचं काय?"

"त्ये मी खाल्ले," लंकाबाई म्हणाली. "त्याचं काय करायचं त्ये बरी हून आल्यावर सांग. माज्या अंगनात उभी ऱ्हाऊन चारचौघांत सांग. आधी जीपमधी बस."

कुशाबाईनं चिंध्या कमरेला खोचल्या. लंकाबाईनं पुढं केलेला हात तिनं झिडकारला, आपल्याच पायांनी जीपपर्यंत गेली आणि पुढच्या सीटवर बसली. लंकाबाई मागं, बायकांच्या दाटीत शिरली आणि रामदासनं गाडी वळवली.